पाठीमागचं कपाट

"बाबांच्या फोटोंत कपाट फार छान येतं," मुलगी म्हणाली आणि हातातला फोटो तिनं उजवीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. सकाळपासून जेवणाच्या टेबलावर फोटो पसरले होते आणि बाबा, म्हणजे तो, शेजारीच बसला होता. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ती आल्बम करत होती. डावीकडच्या गठ्ठ्यातले फोटो आल्बमात जायचे होते, उजवीकडचे पाकिटात परत. डावीकडे त्यानंच काढलेले जुने फोटो होते, तिच्या शाळेतले, पहिल्या सायकलवरचे, दात पडल्याचे. पण त्याच्या निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांतला त्याचा एकही फोटो तिकडे नव्हता. त्या आठ वर्षांसाठी जावयाचा मोबाईल कामाला आला होता. "अगं आई, बघ तरी. तू अशी वाफेत उभी असल्यासारखी, आणि मागचे शब्दकोश कसे लख्ख! पहिला खंड, दुसरा खंड, सगळं वाचता येतंय." "येणारच. त्यांचा सहवास माझ्यापेक्षा जुना आहे," बायको म्हणाली. दोघी हसल्या. तोही हसला, थोडा उशिरा, कारण हसायचं आहे हे त्याच्या नेहमीच जरा उशिरा लक्षात यायचं. मग मुलगी हात झटकत उठली आणि म्हणाली, "बाबा, आता कॅमेरा मला द्या. नव्या घरात काचेचं शोकेस केलंय, तिथं शोभून दिसेल. इथं काय, तुम्ही त्याला छळणार, तो तुम्हाला. रविवारी येईन तेव्हा नेते." "ने की," तो म्हणाला.

'ने की' हे त्याचं सगळ्यांना ठरलेलं उत्तर होतं. छत्री, पेन, गाडीतली खिडकीजवळची जागा. छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासताना त्यानं हजारो माणसांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, पण समासात, बारीक अक्षरात, आणि शंका असेल तिथं प्रश्नचिन्ह घालून. तोंडानं कधी कुणाला 'हे चूक आहे' म्हटल्याचं आठवत नव्हतं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार त्याला काना-मात्रा म्हणायचे. "काना-मात्रा आले रे, खोकू नका, त्यांना वाटेल त्यांचंच चुकलं," असं फोरमन ओरडायचा आणि सगळी खोली हसायची. मुलगी गेल्यावर तो टेबलाशी बसून राहिला आणि उजवीकडचा गठ्ठा पुढे ओढून एकेक फोटो पाहू लागला. बायको खुर्चीत. बायको दारात. बायको चष्मा पुसताना, हा काढताना तो किती खूश होता, दुपारचा उजेड तिच्या कानाच्या पाळीतून आरपार येत होता. आणि आता तिथं चेहऱ्याच्या जागी चेहऱ्याची नुसती आठवण होती, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी, आणि तिच्या खांद्यामागं कपाटातली सोनेरी अक्षरं, एका पुस्तकाच्या फाटलेल्या लेबलाचा धागा न् धागा. त्याला आश्चर्य वाटलं नाही, तेच वाईट होतं. बरोबरच आहे, त्याला वाटलं. माणसाकडं पाहता पाहता आपली नजर माणसाच्या पलीकडं, अक्षरांवर जाते. छापखाना होता तोवर तिथं खपून गेलं. कॅमेऱ्यानं फक्त चुगली केली. दोन वर्षांपूर्वी तो डोळ्यांच्या डॉक्टरकडंही जाऊन आला होता. "तुमच्या वयाला उत्तम आहेत डोळे," डॉक्टर म्हणाले होते, आणि डॉक्टर मनानं चांगला आहे एवढाच अर्थ त्यानं त्यातून काढला होता.

कॅमेरा त्यानं कपाटातून काढून मांडीवर घेतला. जुना, फिल्मचा, हाताला गार आणि आकाराच्या मानानं जड. त्याच्या इवल्या खिडकीतून पाहिलं की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसायचा आणि त्यात समोरच्याच गोष्टीची दुसरी, फिकट प्रतिमा, जरा बाजूला सरकलेली. लेन्सची कडी फिरवत ती फिकट प्रतिमा मूळच्या प्रतिमेवर नेऊन बसवायची. दोन नाकांचं एक नाक झालं की फोकस झाला. त्याला हे काम मनापासून आवडायचं. मूळ प्रत आणि मुद्रित, दोन्ही शेजारी ठेवून जुळवत जाण्यासारखंच होतं ते. म्हणून तर तो इतका काळजीपूर्वक जुळवायचा की बायको म्हणायची, "अहो, दाबा आता, मान अवघडली." आणि इतकं जुळवूनही ती धूसर. रविवारपर्यंत चार दिवस होते. रविवारी कॅमेरा जाणार आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट कायमची ठरून जाणार, की आपल्याला आपली माणसंसुद्धा नीट दिसली नाहीत. शोकेसच्या काचेआड, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी. बाबांचा कॅमेरा हं. फोटोंत कपाट छान यायचं.

गुरुवारी सकाळी केवळ सवयीनं त्यानं टेबलाच्या खणातून छापखान्यातलं भिंग काढलं, डोळ्याला लावायचं, लहानशा पेल्यासारखं, आणि गठ्ठा तपासायला घेतला. एकोणीस फोटो. मुद्रित वाचताना तो कधी मजकूर वाचायचा नाही, नाहीतर अर्थ चुका झाकून टाकतो. तसंच आता त्यानं बायको पाहायची नाही असं ठरवलं, फक्त कुठं तीक्ष्ण आहे तेवढं पाहायचं. दाराच्या फोटोत तीक्ष्ण होती मागची खुंटी. बागेतल्या बाकावरच्या फोटोत बाकामागचं झाड, सालीवरच्या मुंग्यांसकट. गॅलरीतल्या फोटोत मागची कुंडी. पुढचा कठडा? नाही, कठडा धूसर. त्यानं पुन्हा सगळे पाहिले. एकोणीसच्या एकोणीस फोटोंत तीक्ष्ण गोष्ट बायकोच्या मागं होती, आणि जवळपास तेवढ्याच अंतरावर, हातभरापेक्षा कमी. एकदाही पुढं नाही. एकदाही. त्यानं भिंग खाली ठेवलं. कारण हे त्याला माहीत होतं. ही गोष्ट त्याला जगातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त माहीत होती. जुळवणाऱ्याचा हात चुकतो तेव्हा चूक पानभर विखुरते, कधी इथं, कधी तिथं, माणूस थकेल तशी वाढते. पण एकच अक्षर दर पानावर एकाच जागी तुटकं उमटलं, तर माणसाला बोल लावायचा नाही. तिथं खिळाच मोडलेला असतो. आपली नजर जर वाहवत असती तर ती कधी पुढंही गेली असती, डावीकडं गेली असती, कुठंही गेली असती. ही चूक फार शिस्तीची होती. इतकी शिस्त आपल्यात नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला स्वतःच्या एका दोषाचा आधार वाटला.

पण लगेच शंकाही आली, तिच्या ठरलेल्या खुर्चीत येऊन बसली. डोळाच वाकडा असेल तर? शिस्तीनं वाकडा? त्यानं शुक्रवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि त्यावर नऊ पुस्तकं उभी केली, तिरक्या रांगेत, प्रत्येक पुस्तक आधीच्याच्या तीन बोटं मागं आणि जरा बाजूला, म्हणजे नवांचीही नावं समोरून दिसतील. कॅमेरा समोर पुस्तकांच्याच चवडीवर ठेवला. फिल्म नव्हतीच आत. मागचं झाकण उघडून जिथं फिल्म बसते तिथं त्यानं बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवला, लेन्स पूर्ण उघडी केली, शटरची तार दाबून ते उघडंच अडकवलं आणि बायकोची काळी शाल डोक्यावर घेतली. कागदावर त्याचं घर उलटं लटकत होतं. खिडकी खाली, टेबल वर, आणि वरून वटवाघळांसारखी लोंबणारी नऊ पुस्तकं. त्याला हसू आलं. उलटी अक्षरं वाचणं त्याच्या हाडीमासी मुरलेलं होतं. पोरसवदा वयात खिळ्यांच्या चौकटी तो बघताबघता वाचायचा, आणि आज शालीखाली, भिंग डोळ्याला लावून, श्वासाची ऊब स्वतःच्याच तोंडावर घेत तो तसाच वाचत गेला. फोकस त्यानं पाचव्या पुस्तकावर केला होता. पाचवं वाचता येत नव्हतं. सहावं येऊ लागलं होतं. सातव्याच्या आणि आठव्याच्या मध्ये कुठंतरी जग धारदार होतं.

"अगं, जरा ये इकडं," त्यानं हाक मारली. बायको हात पुसत आली. टेबलावरची रांग आणि शालीतला नवरा पाहून म्हणाली, "काय चाललंय? बुवाबाजी?" "तू बघ. या खिडकीतून. पाचवं पुस्तक, निळं. दोन दिसतायत?" "थांबा हो, डोळा कुठला मिटायचा?" "डावा." "माझा डावा एकटा मिटत नाही." मग त्यानं तिच्या डाव्या डोळ्यावर स्वतःचा तळवा धरला, आणि तिच्या पापणीची फडफड त्याच्या हाताला लागली, फुलपाखरू मुठीत धरल्यासारखी. "दोन दिसतायत." "ही कडी फिरव, आणि एक कर." ती फिरवत राहिली, जीभ ओठांत धरून, शिवणाच्या मशीनवर बसल्यावर धरायची तशी. "झालं." "नक्की?" "अहो, अजून सुईत दोरा मी ओवते. झालं म्हणजे झालं." तो शालीत शिरला. सातव्याच्या आणि आठव्याच्या मध्ये. तिनं जुळवलं तरी तिथंच. छापखान्यात महत्त्वाचं पुस्तक असलं की दोघं बसायचे, एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं मुद्रित धरायचं, कारण दोन माणसं एकाच ठिकाणी एकाच तऱ्हेनं कधी आंधळी होत नाहीत. आठ वर्षांत या एका कामासाठी बायकोला हाक मारायचं आपल्याला का सुचलं नाही, असं त्याच्या मनात आलं. शालीच्या अंधारात त्याचा चेहरा कुणाला दिसत नव्हता म्हणून तो मनसोक्त हसला. "काय झालं? चुकलं का माझं?" बाहेरून तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला. "तुझंही नाही."

त्यानंतर मात्र त्याला थांबवणं अवघड होतं. शिवणाच्या टेपनं त्यानं कॅमेऱ्यापासून पाचव्या पुस्तकापर्यंतचं अंतर मोजलं, दीड मीटर. लेन्सवरचा आकडाही दीडच सांगत होता. गॅलरीतून लांबची पाण्याची टाकी पाहिली. कडी शेवटच्या खुणेवर येताच खिडकीतल्या दोन टाक्या अलगद एक झाल्या. म्हणजे खिडकी खरं बोलते, कडी खरं बोलते, डोळे खरे, दोघांचेही. उरली फक्त काच. लेन्सच्या आत काचांचा गठ्ठा जिथं बसायला हवा त्याच्या किंचित मागं, फिल्मकडं, बसतोय. म्हणून ती नेहमी पलीकडचं पाहते. किती मागं? केसभर. कागदभर. कागदभर, तो स्वतःशी पुटपुटला आणि त्याला शाईचा, ओल्या शिशाचा वास आला. छापखान्यात ओळींच्या मध्ये घालायच्या त्या शिशाच्या पातळ पट्ट्या. कुणाच्या लक्षातही येत नाहीत, छापल्या जात नाहीत, नुसत्या आत उभ्या राहून ओळीला ओळीपासून लांब धरतात. एक पट्टी गळाली की सगळं पान वर सरकतं, अक्षर एकही चुकलेलं नसतं आणि पान चुकलेलं असतं. लेन्समधून अशी एक पट्टी गळाली होती. पण गळेल कशी? ही लेन्स कुणा दुकानात कधी गेली नव्हती.

तो खुर्चीत बसला. आणि कपाटाकडं पाहता पाहता त्याला तो म्हातारा लेखक आठवला, बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वीचा. छापखान्याचे तीन जिने चढून आला होता, धाप लागली होती, हातात स्वतःचं नवं कोरं पुस्तक. रागावला नव्हता. पुस्तक उघडून एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "इथं माझा वेगळा शब्द होता." होता. विचित्र, कधी न ऐकलेला शब्द. मुद्रित तपासताना त्याला ती चूक वाटली आणि त्यानं तिथं नेहमीचा शब्द घातला, प्रश्नचिन्ह न घालता. "तो मला तीन महिन्यांनी सापडला होता," लेखक म्हणाला आणि जिना उतरून गेला. बस, एवढंच. पण तेव्हापासून त्याच्या प्रत्येक दुरुस्तीपुढं प्रश्नचिन्ह आलं, मग बोलण्यात आलं, मग मनातच राहायला आलं. मुद्रितशोधकाची खरी चूक म्हणजे चूक नजरेतून सुटणं नव्हे. बरोबर असलेलं दुरुस्त करणं. तो ताडकन उठला, खुर्ची मागं पडली. निवृत्तीनंतरचा पहिला आठवडा! हात रिकामे होते, सकाळ संपत नव्हती, आणि लेन्सच्या काचेवर बुरशीचं जाळं आलं होतं म्हणून त्यानं याच टेबलावर ती स्वतः उघडली होती. भाग ओळीनं मांडले, पेन्सिलीनं आकडे घातले. आणि मधून निघाली होती एक कडी, कागदासारखी पातळ, काळपटलेली, चुरगळलेली. हे इथं कशाला? कुणीतरी उगाच कोंबलंय. एकेचाळीस वर्षांच्या सवयीनं बोटांनी ती उचलली, मनातल्या मनात तिच्यावर काट मारली आणि ती केरात टाकली. प्रश्नचिन्ह घालायला तिथं समास नव्हता.

"माझीच चूक!" तो ओरडला. आतल्या खोलीत काहीतरी पडलं आणि बायको धावत आली. "अहो काय झालं? छातीत दुखतंय का?" "चूक माझीच आहे! मीच काढून टाकली! आठ वर्षांपूर्वी, मी, या हातानं!" "मग एवढं खूश व्हायला काय झालं?" ती म्हणाली. तिला कसं सांगणार? जन्मभर तो सगळ्याच गोष्टींसाठी थोडाथोडा दोषी राहिला होता, पावसात भिजलेल्या पाहुण्यांसाठी, उशिरा आलेल्या गाडीसाठी, मुलीच्या कमी पडलेल्या मार्कांसाठी, आणि कुठंच बोट ठेवता येत नव्हतं. आज पहिल्यांदा एक अख्खी चूक त्याच्या हातात आली होती, कडा असलेली, वजन असलेली, तारखेसकट. आणि अशा चुकीचं काय करायचं हे त्याला जगात कुणाहीपेक्षा चांगलं येत होतं. ती दुरुस्त करायची.

शनिवारी सकाळी, खिडकीतला उजेड टेबलावर आल्याबरोबर, तो कामाला बसला. लेन्सच्या मागच्या कडीला समोरासमोर दोन खाचा होत्या. मुलीच्या जुन्या कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन टोकं त्यांत रोवून त्यानं ती सोडवली. काचांचा गठ्ठा तळहातावर आला, थेंबासारखा. कपाटाच्या तळाशी जुन्या मुद्रितांचं एक भेंडोळं होतं, का ठेवलं होतं ते आजवर माहीत नव्हतं. त्यातल्या एका पानाचा कोरा समास त्यानं कापला आणि त्यातून एक गोल कडी कातरली, बायकोच्या बारीक कात्रीनं. कागदाची एक कडी घातली, लेन्स बंद केली, शालीत शिरला. तीक्ष्ण जागा पुढं आली होती, सहाव्याच्या जरा मागं. मधे उठून तो पाणी पिऊन आला. दोन कड्या घातल्या. खिडकीत निळ्या पुस्तकाची दोन निळी पुस्तकं एक केली, डोळे मिटले, शाल ओढली, भिंग लावलं आणि डोळे उघडले. बटर पेपरवर, वटवाघळांच्या रांगेत मधोमध, पाचव्या पुस्तकाचं नाव उलटं उभं होतं आणि त्याचा प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा सुईच्या टोकासारखी होती. पुढचं चौथं मऊ. मागचं सहावं मऊ. मग गॅलरीतून टाकी. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या. त्यानं पुन्हा जुळवलं, पुन्हा पाहिलं, सात वेळा, आणि सातही वेळा पाचवंच. शाल डोक्यावर तशीच ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, राजासारखा. "बसलं," तो म्हणाला. बायकोनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिसतंय," ती म्हणाली.

रविवारी मुलगी आली ती हातात मऊ कापडाची पिशवी घेऊनच. "कुठंय कॅमेरा? आठवणीनं गुंडाळायला आणलंय बघा." "देणार नाही," तो म्हणाला. मुलीनं आईकडं पाहिलं. "आई, बाबा नाही म्हणाले?" "शुक्रवारपासून असेच आहेत. परवा मला म्हणाले, माझीच चूक, आणि नाचले." "नाचलो नाही," तो म्हणाला. "खुर्ची पडली. तू बस. आईशेजारी, कपाटापुढं. तिथंच." "कपाटापुढं? बाबा, अहो पुन्हा—" "तिथंच," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचा आवाज परका आणि आवडण्यासारखा वाटला. दोघी बसल्या. मुलगी आईच्या कानात काहीतरी म्हणाली, आई म्हणाली, "गप गं, बघतायत." सकाळीच नवी फिल्म भरलेल्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून तो पाहत होता. पिवळसर चौकोनात बायकोच्या डाव्या डोळ्याशेजारी आणखी एक डोळा होता, फिकट, आठ वर्षं बाजूला सरकून उभा राहिलेला. त्यानं कडी फिरवली. तो डोळा हळूहळू चालत आला आणि आपल्या जागी बसला. "अहो, दाबा आता," बायको म्हणाली. त्यानं दाबलं.

फोटो गुरुवारी मिळाले. दुकानातल्या माणसानं पाकीट त्याच्या हातात देताना म्हटलं, "काका, नवी लेन्स घेतलीत वाटतं?" "नाही, जुनीच आहे," तो म्हणाला, "दुरुस्त केली," आणि वाक्य तिथंच संपवलं, पुढं काही जोडलं नाही. पाकीट त्यानं रस्त्यातच उघडलं, फूटपाथवर, माणसं त्याला चुकवून पुढं जात असताना. बायकोच्या पापण्या मोजता येत होत्या. भुवईवर एक बारीकसा व्रण होता, तो तिला कधी झाला हे विचारायचं राहिलं होतं. मुलीच्या ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू होतं, आईच्या बोटांत अडकलेली तिची बोटं होती. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि तिथंच, भर दुपारी, फूटपाथच्या मधोमध उभं राहून फोटोचा वरचा भाग तपासला, डावीकडून उजवीकडं, एकही जागा न सोडता. मागं कपाट होतं, तपकिरी, उबदार, धुक्यात बुडालेलं. त्यातल्या एकाही पुस्तकाचं नाव वाचता येत नव्हतं.